कपाटाला आता कुलूप नाही, मावशी

मावशी, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. काल सकाळी नव्या डॉक्टरीणबाईंनी लेबर रूममधून हाक मारली, "मावशी, गरम पाणी आणा!" आणि त्या नव्याने लागलेल्या मावशीनं "आणते मॅडम" म्हणून ओ दिली. तिची काही चूक नाही. दवाखान्यात पुसणाऱ्या, बाळंतिणीला धरणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. पण मला तिचा असा राग आला की विचारू नकोस. पाणी तिनं बरोबर कोमट आणलं होतं, तुझ्यासारखं चटका देणारं नाही. तरी मी तिच्यावर खेकसले. दुपारी माझ्या डब्यातली भाजी तिला दिली.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन शिस्टर, त्या पोरीनं काय तुमचं घोडं मारलं?"

तुझा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं झाली, तू किती बाळंतपणं पाहिलीस, हे मी इथं लिहीत नाही. ते दवाखान्याच्या कागदांत असेल. कागदांवर माझा आता फारसा विश्वास राहिलेला नाही, आणि त्याचं कारण तुला ठाऊक होतं. तुला ते ठाऊक होतं, हे मात्र मला पाचच दिवसांपूर्वी कळलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी सेलूची. या दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर म्हणून आले तेव्हा मला सगळं येतं असं मला वाटत होतं. तू गावाबाहेरच्या टोलीतली, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली. घरात गोंडी बोलायचीस, बाहेर वऱ्हाडी, आणि साहेब लोकांसमोर एक वेगळीच भाषा, जी फक्त तुलाच समजायची. आधी गावोगाव सुईणपण करायचीस, मग दवाखान्यात कक्षसेविका म्हणून लागलीस. पहिल्याच आठवड्यात मी तुला सांगितलं होतं, "मावशी, आता सुईणपण विसरायचं. इथं सगळं शास्त्राप्रमाणे." तू मान हलवलीस. तुझ्या मान हलवण्याचा अर्थ 'हो' असा नसतो, हे कळायला मला वर्ष लागलं.

आपलं पहिलं भांडण आठवतं? तळेगावकडची एक पहिलटकरीण सकाळपासून अडली होती. मी केसपेपर भरायला बाहेर गेले आणि परत येऊन पाहते तो लेबर रूममध्ये जणू चोर शिरून गेले होते. खिडक्या उघड्या, टेबलाचे ड्रॉवर बाहेर ओढलेले, साबणाच्या डबीचं झाकण खाली. त्या पोरीची वेणी तू सोडली होतीस आणि तिची आई खोलीभर फिरून जे जे बंद दिसेल ते ते उघडत होती. बाई अडली की घरातली कुलपं काढायची, कणगीची-डब्यांची झाकणं उघडायची, गाठी सोडायच्या, दावणीची गाय मोकळी करायची, ही इकडची रीत मला ऐकून माहीत होती. आमच्या सेलूलाही जुन्या बाया करायच्या. पण सरकारी दवाखान्यात?

तू औषधांच्या कपाटासमोर उभी होतीस. "शिस्टर, याचं कुलूप काढा."

"काढणार नाही. ही अंधश्रद्धा आहे."

"बरं. मंग तुमचा अंबाडा तरी सोडा."

मी तुला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या कपाटात सलाइनच्या बाटल्या, शिरेत टोचायच्या सुया, रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या असं निकडीचं सामान होतं आणि त्याची चावी माझ्या कमरेला होती. आधीच्या सिस्टरच्या वेळी सामान इकडचं तिकडे झालं होतं आणि तपासणीत तिला फार ऐकून घ्यावं लागलं होतं. माझ्या वेळी एक सुईसुद्धा हलणार नाही असं मी ठरवलं होतं. त्या पोरीची सुटका तासाभरात आपोआप झाली. मुलगी झाली. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की जणू मी कुलूप काढलं असतं तर अर्धा तास आधी झाली असती.

दोन दिवसांनी तूच विषय काढलास. व्हरांड्यात बसून कापसाचे बोळे करत होतो. तू म्हणालीस, "कुलपानं पोट अडत नाई, एवढं मले बी समजते शिस्टर. पन त्या पोरीची आई नुसती उभी राहून रडून राह्यली होती. आईले रडताना पाह्यलं का पोरगी अजून घाबरते. हाताले काम देल्लं तं गप झाली का नाई? आन दुसरं सांगू? वख्त आला तं धावपळीत कोनाले कुठं काय हाय थे शोधाव नाई लागत. सारंच उघडं असते."

मी म्हणाले, "म्हणजे तुझा त्यावर विश्वास नाही तर?"

"असं कोनं म्हनलं?" म्हणून तू हसलीस आणि बोळ्यांची परडी उचलून आत गेलीस.

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तू खरंच मानत होतीस की लोकांना सांभाळून घेत होतीस? एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या दिवशी तू सगळं उघडलं होतंस, पण निर्जंतुक हत्यारांचा ड्रम तेवढा झाकलेला होता. त्याला तू कुणाला हात लावू दिला नव्हतास.

त्यानंतर तू मला हळूहळू बिघडवलंस. आधी म्हणालीस, कळा देणारीला सारखं उताणं कशाला निजवता, व्हरांड्यात चालू द्या. मी म्हणाले, पडली तर? तू म्हणालीस, "मी हाय नं धराले." मग म्हणालीस, आईला नाहीतर बहिणीला आत घ्या. त्यावर तर मी महिनाभर अडून बसले. लेबर रूम म्हणजे काय बाजार आहे? तू दार नीट लावायला 'विसरायचीस', आणि दाराच्या फटीतून कुणाची तरी आई आत सरकायची. बसून बाळंत व्हायचं म्हणणाऱ्या बाईला तू पाठीमागून अशी धरायचीस की तिची पाठ तुझ्या छातीला टेकलेली. पुढे वरूनच पत्रं यायला लागली, की प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, बाईला तिच्या सोयीच्या स्थितीत राहू द्यावं. मी ते पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा तू विचारलंस, "हे त्यायले आत्ता समजलं?"

आपल्याकडून वर्धा दोन तासांवर. पूर्वी जरा काही वाटलं की आपण पेशंट पुढे पाठवून मोकळे व्हायचो, आणि बाया ते जाणून होत्या. म्हणून त्या घरीच थांबायच्या आणि फार बिघडल्यावर यायच्या. तू टोलीत, बाजारात, विहिरीवर सांगत फिरलीस, "या, तिथं मी हाय." सिस्टर आहेत, डॉक्टर आहेत असं नाही सांगितलंस. पण त्यामुळे बाया यायला लागल्या, आणि मला वाटायचं माझ्या शिस्तीमुळे येतात.

आता त्या दिवसाचं.

आष्टीच्या बाजाराचा दिवस होता, म्हणून गाव अर्धं रिकामं. डॉक्टर शिबिराला गेलेले. मी वर्ध्याला प्रशिक्षणाला. दवाखान्यात रोशनी, तेव्हा अगदी नवी, कंत्राटावर लागलेली नर्स पोरगी, आणि तू. दुपारी बाराच्या सुमारास सविता नावाची एक बाई बाळंत झाली. सगळं सुरळीत झालं, मुलगा रडला, वारही पडली. आणि मग रक्त थांबेना.

मी तिथं नव्हते. जे सांगते आहे ते रोशनीनं सांगितलेलं. ट्रेमधलं एक इंजेक्शन तिनं दिलं. पोट चोळत राहिली. तिनं वर्ध्याला न्यायला रुग्णवाहिका फोनवरून मागवली, पण गाडी यायला वेळ होता. पुढची औषधं, सलाइन, सुया, सगळं कपाटात. आणि कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये. निघताना ती रोशनीकडे द्यायची, हा नियम माझाच. सकाळी बस चुकेल म्हणून धावले आणि विसरले. मावशी, सरळ सांगायचं तर विसरले. त्यात दुसरं काही नाही.

रोशनीनं मला तीन फोन केले. माझा फोन पर्समध्ये, आवाज बंद करून, चावीच्या शेजारी. त्याच वेळी समोरचे साहेब फळ्यावर लिहीत होते, की निकडीचं सामान हात लांबवला की मिळालं पाहिजे. मी ते वहीत उतरवून घेत होते.

तू रोशनीला विचारलंस, "चावी?" ती म्हणाली, सिस्टरकडे.  ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना उचललास आणि कुलपावर घातलास. चौथ्या घावाला कडी सुटली. सविताची आई कोपऱ्यात उभी होती, तिला ओरडलीस, "पाहून काय राह्यली, बाटल्या दे काढून!" रोशनीला शीर सापडेना. तू तिच्या मनगटाला हात लावून म्हणालीस, "हळू. मी हाय नं." सलाइन लागलं, गोळ्या दिल्या, रक्त कमी झालं. गाडी आली तेव्हा सविता बोलत होती.

माझी परतीची बस वाटेत असताना समोरून सायरन वाजवत ती गाडी गेली. मला वाटलं, कुणाची तरी केस असेल.

सविता चौथ्या दिवशी चालत घरी आली. तिचा मुलगा आता शाळेत जातो. त्या दिवसाबद्दल खरं एवढंच लिहायला हवं होतं. पण कुलूप तोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वरचे साहेब भेटीला आले आणि त्यांनी कपाटाची वाकलेली कडी पाहिली. "हे काय?" त्यांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला.

माझी बढती तेव्हा तोंडावर होती. चावी घेऊन गावाबाहेर जाणं हा साधा गुन्हा नव्हता, बाई मरता मरता वाचली होती. मी रात्रभर विचार केला असं म्हटलं तर खोटं होईल. मी पाच मिनिटांत लिहिलं. लिहिलं, की चावी ड्यूटी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये उपलब्ध असताना कक्षसेविकेने घाईने कुलूप तोडले. रोशनीला म्हणाले, "तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना?" एवढंच. पुढचं तिनं समजून घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती मी माझ्या हातानं दिली, आणि वर सुवाच्य अक्षरात.

तुझ्या नावानं मेमो निघाला. तो घेऊन तू माझ्याकडेच आलीस. तुला सही करता यायची, पण वाचायला अडखळायचीस. व्हरांड्यात त्याच बाकावर बसलो. तू म्हणालीस, "वाचा शिस्टर, काय म्हनते कागद." मी वाचला. शासकीय मालमत्तेचं नुकसान, सात दिवसांत खुलासा, नाहीतर कारवाई. मधली एक ओळ मी गाळली. 'चावी ड्रॉवरमध्ये उपलब्ध असतानाही' ही ओळ. माझा आवाज जराही अडला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

तू माझ्या तोंडाकडे पाहत होतीस. मग म्हणालीस, "एवढंच हाय?"

मी म्हणाले, "एवढंच."

"मंग तुमीच लिहा काय थे उत्तर. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिलं, 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, क्षमा असावी.' तू सही केलीस. पंचफुला, चारही अक्षरं वेगवेगळी काढायचा प्रयत्न करत, 'फु'जवळ थांबत. पेन मला परत दिलंस आणि उठून पोछा मारायला लागलीस.

कारवाई मोठी झाली नाही, असं मी मनाला सांगत आले. तुला लेबर रूममधून काढलं आणि बाहेरच्या विभागात झाडलोटीला लावलं, दीड वर्ष. दुसऱ्या कुणाला ते बरंच वाटलं असतं, रक्त नाही, ओरडा नाही. पण तू हातात झाडू घेऊन लेबर रूमच्या बंद दाराबाहेर उभी राहायचीस आणि आतल्या आवाजावरून ओळखायचीस. "शिस्टर, कुशीवर घ्या तिले!" दाराबाहेरून यायचं. "आत्ता नका जोर लावू देऊ, दमली थे!" आणि शंभरातल्या नव्वद वेळा ते बरोबर असायचं. बाया आल्या की विचारायच्या, मावशी कुठं आहे? मी म्हणायचे, तिची ड्यूटी बदलली. दोघी-तिघी तर दारातूनच परत फिरल्या. त्यातल्या एकीचं घरी काय झालं ते तुलाही माहीत होतं, मलाही. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही, आणि त्या पोरीची आई आजही बाजारात समोर आली की मी रस्ता बदलते.

कपाटाला नवं कुलूप आलं. ते मी लावलं नाही. लावायला हात धजेना. कुलपाच्या जागी चिकटपट्टी आडवी लावली आणि तिच्यावर तारीख घालून सही केली. कुणालाही एका ओढीत फाडता येते, आणि फाडली की कळतं, मग सामान मोजून पुन्हा भरायचं आणि नवी पट्टी लावायची. पहिली पट्टी मी लावत होते तेव्हा तू झाडत झाडत दारापर्यंत आलीस. पाहिलंस. "आता कसं," म्हणालीस आणि पुढे गेलीस. त्या पट्टीचं पुढे कौतुक झालं. दुसऱ्या दवाखान्यांतल्या सिस्टर पाहायला आल्या, मला व्यासपीठावर बोलावून प्रमाणपत्र दिलं. कल्पना कशी सुचली असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, अनुभवातून. कुणाच्या, ते नाही सांगितलं.

मग डॉक्टर बदलले, नव्यांच्या हातापाया पडून मी तुला लेबर रूममध्ये परत घेतलं. तेवढं एक केलं. तू आलीस ती जणू कालच गेली होतीस अशी. तुझ्या बोलण्यात कधी एक टोचणारा शब्द आला नाही, आणि त्याचाच मला त्रास व्हायचा. खाई त्याला खवखवे. तू साधं "चावी" म्हटलंस तरी मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठून जायचे.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा सगळे म्हणाले, नागपूरला मोठ्या दवाखान्यात ने. तीच म्हणाली, मावशी आहे ना, मग इथंच. मला आत थांबायचा हक्क होता, आई म्हणून, शिवाय सिस्टर म्हणून. दहा मिनिटांत तू मला बाहेर काढलंस. "आज तुम्ही शिस्टर नाई, आई हाय. बाहीर जा. बसा." मी बाकावर बसले. आतून लेकीचा आवाज येत होता. कपाट उघडंच होतं, दार उघडं होतं, उघडायला काही राहिलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच अंबाडा सोडला.

तू बाळ घेऊन बाहेर आलीस. माझे मोकळे केस पाहिलेस. हसशील असं वाटलं होतं, हसली नाहीस. नातीच्या कानाशी तोंड नेऊन गोंडीत काहीतरी पुटपुटलीस, तू प्रत्येक बाळाला म्हणायचीस तेच. इतक्या वर्षांत त्याचा अर्थ मी एकदाही विचारला नाही. रोज उद्यावर टाकलं.

त्या दिवशी तुला सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हणाले, "मावशी, तो कुलपाचा मेमो..." तू म्हणालीस, "नात पाहा आधी. नाक तुमच्यावर गेलं तिचं." आणि मी नाक पाहत बसले.

पाच दिवसांपूर्वी तुझ्या घरी आले होते. तुझी लेक शालू अंगणात बसली होती. तुझ्या कपड्यांचं काय करायचं, फोटो कुठला मोठा करायचा, असं बोलणं चाललं होतं. मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. चावी, अहवाल, ती गाळलेली ओळ. वाटलं, ती उठून आत जाईल, किंवा मला जा म्हणेल.

शालू म्हणाली, "आम्हाले माईत हाय, शिस्टर."

मला समजेना.

"मी दहावीत होती तवा. आईनं थो कागद आधी घरी आनला होता. माह्याकडून दोनदा वाचून घेतला. मंग तुमच्याकडं घेऊन गेली."

म्हणजे तू बाकावर माझ्या शेजारी बसलीस आणि 'एवढंच हाय?' म्हणालीस तेव्हा तुला ती ओळ माहीत होती. तू मला जागा करून दिली होतीस. एकच शब्द बोलायची जागा. आणि मी म्हणाले, एवढंच.

"घरी येऊन काय म्हणाली?" मी विचारलं.

"काई नाई. चहा मांडला. मंग म्हने, शिस्टरनं एक ओळ सोडली." शालूनं डोळे पुसले. "मी लय भांडली तिच्याशी. म्हनलं, काऊन सही केली तू? तं म्हने, त्यायले भेव वाटलं असन. भेलेल्या मानसाले आपून काय आजच पाह्यलं? रोजच पाहतो नं."

मावशी, आयुष्यभर तू भ्यालेल्या बायांना पाठीमागून धरलंस. मलाही तसंच धरून ठेवलं होतंस, आणि मला वाटत होतं मी सुटले.

काल मी डॉक्टरीणबाईंसमोर कागद ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. म्हणाल्या, "सिस्टर, दोन वर्षं राहिलीत तुमच्या निवृत्तीला. यावर चौकशी लागू शकते. ती बाई गेली. फाईल केव्हाच बंद झाली. आता कशाला?"

मी म्हणाले, "उघडा मॅडम."

त्यांना वाटलं मी रडणार आहे. मी रडले नाही. त्यांनी क्लार्कला बोलावलं, त्यानं कपाटाच्या वरच्या खणातून धूळ झटकत फाईल काढली. तुझी सही होती तिथं, पंचफुला, 'फु'जवळ शाई जरा जास्त उतरलेली. त्याच्यावर माझा कागद लावला. आवक शिक्का मारून घेतला. चौकशी लागेल का, माहीत नाही. लागली तर लागो. रोशनी म्हणाली, "मी पण लिहून देते सिस्टर." ती आता मोठी झाली आहे, कुणाला भीत नाही. मी तिला म्हणाले, दे.

एक प्रत मी घरी आणली आहे. तुला सही येत होती, वाचायला त्रास व्हायचा. म्हणून वाचून दाखवते. ऐक मावशी, या वेळी एकही ओळ गाळत नाही.

'मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. कक्षसेविका पंचफुलाबाई यांनी प्रसूतिकक्षातील कपाटाचे कुलूप तोडले त्या दिवशी चावी ड्रॉवरमध्ये नव्हती. ती माझ्या पर्समध्ये, वर्ध्याला होती. तेव्हा मी सादर केलेला अहवाल खोटा आहे. त्यांच्या नावे दिलेला माफीचा खुलासा माझ्या हस्ताक्षरात आहे आणि त्यातील चूकही माझीच आहे. रुग्ण वाचली ती पंचफुलाबाईंनी कुलूप तोडले म्हणून.'